वायू बाहेरचा, धूळ घरची: एनजीसी १२७५ या दीर्घिकेचं प्रकरण

हिवाळ्यात संध्याकाळनंतर उत्तरेकडे पाहिलं तर शर्मिष्ठेच्या मागोमाग ययाती हा तारकासमूह वर आलेला दिसतो. त्यातल्या अल्गॉल या रूपविकारी ताऱ्यापासून पूर्वेला जेमतेम सव्वादोन अंशांवर, दुर्बिणीशिवाय अजिबात न दिसणारी एक दीर्घिका आहे. विल्यम हर्शेलने ती १७८६ साली नोंदवली. आज तिला एनजीसी १२७५ म्हणतात. ती साधारण २४ कोटी प्रकाशवर्षं दूर आहे आणि ययाती दीर्घिकासमूहाच्या नेमक्या मध्यावर बसली आहे. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ तिला पर्सियस ए किंवा ३सी ८४ म्हणून ओळखतात. कार्ल सेफर्टने १९४३ साली तेजस्वी केंद्र असलेल्या दीर्घिकांचा जो अभ्यास केला, त्यातही ती होती.

दीर्घिकासमूहाच्या मध्यावरची अशी अवाढव्य लंबवर्तुळी दीर्घिका म्हणजे म्हाताऱ्या, तांबूस ताऱ्यांची वस्ती असायला हवी. तारे घडवण्याचा उद्योग तिथे केव्हाच बंद पडलेला असावा. एनजीसी १२७५ मध्ये मात्र निळे तरुण तारकागुच्छ आहेत, हजारो कोटी सूर्य घडतील एवढा थंड रेणुवायू आहे, आणि धूळही आहे. हे सगळं आलं कुठून, हा या प्रकरणाचा प्रश्न. गेल्या पाच दशकांत ताऱ्यांच्या संख्येवरून भरपूर वाद झाले. धुळीचा उल्लेख बहुतेक वेळा चार ओळींत उरकला जातो. माझ्या मते साक्षीदार म्हणून धूळ जास्त उपयोगाची आहे.

अपेक्षा काय होती

ययाती समूह क्ष-किरणांत आपल्या आकाशातला सर्वांत तेजस्वी दीर्घिकासमूह आहे. हे क्ष-किरण दीर्घिकांमधून येत नाहीत. दीर्घिकांच्या मधल्या जागेत भरलेल्या अतितप्त वायूतून येतात. समूहाच्या बाहेरच्या भागात या वायूचं तापमान सुमारे ८ कोटी केल्विन आहे, केंद्राजवळ ते साडेतीन कोटींपर्यंत उतरतं. केंद्रातही घनता अगदी विरळ, दर घनसेंटीमीटरला ०.०५ कणांच्या आसपास. तरी बाहेरच्या मानाने ती बरीच जास्त आहे आणि इथेच खरी मेख आहे. वायूची ऊर्जा क्ष-किरणांतून बाहेर पडण्याचा वेग घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे केंद्रातला वायू सर्वांत लवकर निवतो. निवला की त्याचा दाब घटतो, वरचे थर त्याला आत दाबतात, घनता आणखी वाढते आणि निवण्याला आणखी वेग येतो. ययातीच्या केंद्रात वायू निवायला लागणारा काळ शंभर कोटी वर्षांहून बराच कमी निघतो. समूहाचं वय त्याच्या कितीतरी पट आहे.

१९७७ साली लेनक्स कोवी आणि जेम्स बिनी यांनी, आणि स्वतंत्रपणे अँड्र्यू फेबियन आणि पॉल नल्सन यांनी, यावरून एक सरळ निष्कर्ष काढला: तप्त वायू सतत निवत केंद्राकडे ओघळत असला पाहिजे. याला शीतलन प्रवाह, रोजच्या बोलण्यात कूलिंग फ्लो, असं नाव पडलं. ययातीसाठी त्याचा दर वर्षाला काही शे सूर्य, म्हणजे तितक्या सूर्यांच्या वस्तुमानाइतका वायू, एवढा निघाला.

या आकड्याचा अर्थ नीट पाहायला हवा. वर्षाला ३०० सूर्य धरले आणि हा प्रवाह ५०० कोटी वर्षं चालला असं मानलं, तर दीड लाख कोटी सूर्यांइतका वायू केंद्रात जमा व्हायला हवा. आपल्या आकाशगंगेतल्या सगळ्या ताऱ्यांचं वस्तुमान ६ हजार कोटी सूर्यांच्या आसपास भरतं. म्हणजे एनजीसी १२७५ मध्ये पंचवीस आकाशगंगा होतील इतके तारे या एका प्रवाहातून घडले असते. तसे ते दिसत नाहीत. १९८० च्या दशकात यावर एक तोडगा सुचवला गेला: निवलेल्या वायूतून फक्त लहान, मंद तारे जन्मत असतील, म्हणून ते दिसत नसतील. अशी गृहीतकं मला नेहमीच खटकतात. दिसायला हवी ती वस्तू दिसत नाही, म्हणून ती न दिसणाऱ्या प्रकारचीच असणार, हा युक्तिवाद तपासायला फार थोडी जागा ठेवतो.

धक्का आणि त्याचं उत्तर

१९९९ च्या डिसेंबरात एक्सएमएम-न्यूटन ही युरोपीय क्ष-किरण दुर्बीण अवकाशात गेली. तिच्यावरच्या वर्णपटमापकांनी २००१ च्या सुमारास अनेक समूहांच्या केंद्रांचे बारकाईने वर्णपट घेतले. वायू खरोखरच कोट्यवधी अंशांवरून थेट थंड होत असेल, तर वाटेत प्रत्येक तापमानाची खूण उमटली पाहिजे. विशेषतः सोळा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाच्या रेषा ठळक दिसायला हव्या होत्या. त्या होत्या त्या फारच क्षीण. वायू मूळ तापमानाच्या साधारण एक तृतीयांशापर्यंत निवतो आणि त्याखाली जवळजवळ काहीच सापडत नाही, असं चित्र समोर आलं. म्हणजे निवणं वाटेतच अडतं, किंवा ते आपल्याला दिसत नाही. या दुसऱ्या शक्यतेकडे पुढे यायचंच आहे.

अडवतं कोण? याचं उत्तर ययातीतच सर्वांत स्पष्ट मिळालं. एनजीसी १२७५ च्या केंद्रातलं कृष्णविवर दोन्ही बाजूंना झोत सोडतं आणि ते झोत तप्त वायूत पोकळ्या फुगवतात. रोसाट उपग्रहाने १९९३ मध्येच या पोकळ्या दाखवल्या होत्या. पुढे चंद्रा दुर्बिणीने (हे नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून आहे) त्यांच्या आतल्या-बाहेरच्या पिढ्या दाखवल्या. शिवाय तप्त वायूत पसरत जाणारे तरंग दाखवले, ज्यांचा एक हेलकावा पूर्ण व्हायला सुमारे एक कोटी वर्षं लागतात. वायू जितकी उष्णता गमावतो, साधारण तितकी हे झोत परत देतात. २०१६ साली जपानच्या हितोमी उपग्रहाने याच वायूतल्या हालचालींचा वेग मोजला: दृष्टिरेषेवर सेकंदाला सुमारे १६४ किलोमीटर. एवढ्या खळबळत्या जागेसाठी हा वेग आश्चर्य वाटावं इतका कमी होता. फेब्रुवारीत सोडलेला तो उपग्रह मार्चच्या अखेरीस हातचा गेला, पण जाण्याआधी ययातीची ही नोंद ठेवून गेला.

किती तारे जन्मतात?

तर शेकडो सूर्यांची अपेक्षा बाद झाली. मग प्रत्यक्षात किती? साधा वाटणारा हा प्रश्न एनजीसी १२७५ मध्ये चांगलाच छळतो, कारण तारकानिर्मिती मोजण्याच्या प्रत्येक नेहमीच्या रीतीत इथे काहीतरी खोट आहे.

पहिली रीत हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशाची. तरुण तप्त तारे भोवतीचा हायड्रोजन उजळवतात, त्यावरून त्यांची संख्या काढता येते. या दीर्घिकेभोवती अशा तांबड्या तंतूंचं जाळंच आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच लाख प्रकाशवर्षांहून जास्त पसरलेलं. रॉजर लिंड्स यांनी १९७० साली अमेरिकेतल्या किट पीक वेधशाळेतून त्याचं छायाचित्र घेतलं. त्याआधी १९६५ मध्ये मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज यांनी हा स्फोटाचा परिणाम असावा असं मांडलं होतं. पण बहुतेक तंतूंजवळ तरुण तारे नाहीतच. त्यांचा वर्णपटही ताऱ्यांनी उजळलेल्या तेजोमेघासारखा नाही. भोवतालच्या तप्त वायूतले किंवा चुंबकीय क्षेत्रातले वेगवान कण या थंड वायूत घुसून त्याला आतून उजळवतात, हे २००९ मध्ये गॅरी फर्लंड आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं स्पष्टीकरण मला सर्वांत पटतं. म्हणजे तांबडा प्रकाश पाहून ताऱ्यांची संख्या काढली, तर ती फुगलेली निघणार.

दुसरी रीत अवरक्त प्रकाशाची. तरुण ताऱ्यांचा अतिनील प्रकाश धूळ शोषते, तापते आणि तीच ऊर्जा अवरक्तात सोडते. हर्शेल अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून २०१२ मध्ये निघालेला दर वर्षाला साधारण २४ सूर्य असा आहे. पण त्याच निरीक्षणांत धुळीचे किमान दोन भाग दिसले, एक सुमारे ३८ केल्विनचा आणि दुसरा सुमारे ११६ केल्विनचा. ११६ केल्विनची धूळ कृष्णविवराच्या शेजारानेही तापलेली असू शकते. धूळ कोणी तापवली हे ती आपणहून सांगत नाही.

तिसरी रीत सर्वांत कष्टाची आणि सर्वांत भरवशाची: प्रत्यक्ष तारकागुच्छ मोजायचे. हबल दुर्बिणीने १९९२ मध्येच केंद्राजवळ निळे, भारी गुच्छ दाखवले होते. नंतर रेबेका कॅनिंग आणि सहकाऱ्यांनी केंद्रापासून दूर, बाहेरच्या तंतूंपाशी तरुण ताऱ्यांच्या निळ्या माळा तपासल्या. तिथला दर वर्षाला साधारण २० सूर्यांच्या घरात निघाला. विशेष म्हणजे काही तंतूंत तारे आहेत आणि शेजारच्या, दिसायला अगदी तशाच तंतूंत एकही नाही.

हे असं का, याचा एक धागा २००८ मध्ये हाती आला. हबलच्या प्रतिमांत प्रत्येक तंतू आणखी बारीक धाग्यांचा बनलेला दिसला. एकेक धागा जेमतेम २०० प्रकाशवर्षं रुंद आणि २० हजार प्रकाशवर्षं लांब, वजन दहा लाख सूर्यांच्या आसपास. एवढे नाजूक धागे भोवतालच्या तप्त वायूत आणि समूहाच्या गुरुत्वाकर्षणाच्या ओढीत कधीच फाटून जायला हवे होते. फेबियन यांच्या मते चुंबकीय क्षेत्र त्यांना सांधून धरतं. जे क्षेत्र धागा फाटू देत नाही, तेच त्याला स्वतःच्या भाराने कोसळून तारे होऊ देत नाही.

तेव्हा आकडा वर्षाला काही दहा सूर्य. आकाशगंगेच्या मानाने तो भरपूर आहे, मूळ अपेक्षेच्या मानाने किरकोळ.

आडवी आलेली दीर्घिका

धुळीकडे वळण्याआधी एक गुंता सोडवायला हवा. हबलच्या प्रतिमेत एनजीसी १२७५ वर काळपट धुळीचे पट्टे ठसठशीत दिसतात आणि पाहणाऱ्याला वाटतं, हीच ती धूळ. ती ही नव्हे. रूडॉल्फ मिंकोव्स्की यांनी १९५७ मध्ये दाखवलं की इथे दोन वेगळ्या वेगांचा वायू आहे: एक सेकंदाला ५,२०० किलोमीटर वेगाने दूर जाणारा, दुसरा ८,२०० किलोमीटरने. पहिला एनजीसी १२७५ चा स्वतःचा. दुसरा एका विस्कटलेल्या सर्पिल दीर्घिकेचा, जी आपल्या आणि तिच्या मध्ये आहे आणि सेकंदाला ३,००० किलोमीटर वेगाने समूहाच्या केंद्राकडे कोसळते आहे. ती समोरच आहे हे तिच्या क्ष-किरणांतल्या सावलीवरून कळलं. सावलीच्या गडदपणावरून ती केंद्राच्या दीड लाख प्रकाशवर्षांहून जास्त अलीकडे ठरते. म्हणजे दोघींची अजून गाठच पडलेली नाही. एनजीसी १२७५ चा थंड वायू आणि तारे या टकरीतून आले, ही एके काळी लोकप्रिय असलेली कल्पना इथेच अडखळते. जी टक्कर व्हायची आहे तिने आधीचं काही घडवलेलं असणार नाही.

टिकू नये तिथे टिकलेली धूळ

समोरच्या दीर्घिकेचे पट्टे बाजूला काढले तरी एनजीसी १२७५ ची स्वतःची धूळ उरतेच. हर्शेल दुर्बिणीच्या मोजणीत थंड धुळीचं वस्तुमान सुमारे एक कोटी सूर्य भरलं.

आता धुळीचा एक कण, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा, तप्त वायूत उघडा सोडला तर काय होईल? कोट्यवधी अंशांवरचे प्रोटॉन आणि हेलियमची केंद्रकं त्याच्यावर आदळतात आणि दर आदळण्यागणिक त्याचे अणू उडवतात. ययातीच्या केंद्रातल्या घनतेला असा कण सुमारे २० लाख वर्षांत झिजून नाहीसा होतो. दीर्घिकेच्या आयुष्यात २० लाख वर्षं म्हणजे काहीच नाही. पोकळ्यांना वर चढायलाही याच्या कित्येक पट वेळ लागतो.

यातून पहिली गोष्ट निघते: तप्त वायूत धूळ नाही. म्हणून तप्त वायू निवून जो थंड वायू तयार होईल, तो जन्मतः धुळीविना असणार. त्यात लोह, सिलिकॉन, कार्बन वायुरूपात आहेत, पण कण धरायला बीज लागतं आणि ते बीज त्याच्याकडे नाही.

दुसरी गोष्ट याच्या अगदी उलट दिशेला नेते. एनजीसी १२७५ भोवतीच्या तंतूंत रेणू आहेत. कार्बन मोनॉक्साइड इथे १९८९ मध्ये सापडला. फिलिप सालोमे आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये त्यावरून एकूण रेणुवायू सुमारे ४ हजार कोटी सूर्य काढला आणि नंतर तो केंद्रापासून खूप दूरच्या तंतूंतही दाखवला. हायड्रोजनचे दोन अणू मोकळ्या अवकाशात भेटले तर सहसा जोडले जात नाहीत, कारण जोडताना सुटणारी ऊर्जा टाकायला जागा नसते. ती जागा धुळीच्या कणाचा पृष्ठभाग पुरवतो. धुळीशिवाय हायड्रोजनचे रेणू बनतात, पण फार रेंगाळत. म्हणजे तंतूंत जिथे रेणू भरपूर आहेत, तिथे आपल्याला धूळ दिसो वा न दिसो, ती असणारच.

वायू धुळीविना जन्मणार आणि तरी त्यात धूळ असणार, ही या प्रकरणाची खरी गाठ.

मी ती अशी सोडवतो. दीर्घिकेतले म्हातारे तांबडे राक्षसी तारे आपले बाहेरचे थर सतत सोडत असतात आणि त्यात धूळ असते. एवढ्या मोठ्या दीर्घिकेत सगळे मिळून वर्षाला तीनेक सूर्यांइतका वायू सोडतात असं ढोबळ धरू, आणि त्याचा दीडशेवा भाग धूळ. एक कोटी सूर्यांची धूळ साठायला मग ५० कोटी वर्षं लागतील. उघड्यावर तिला २० लाख वर्षांचं आयुष्य आहे, म्हणून ती जन्मल्याबरोबर थंड वायूच्या आडोशाला गेली पाहिजे आणि तिथेच राहिली पाहिजे. असा आडोसा केंद्राजवळ आहे. आता तोच जमाखर्च वायूचा मांडू. म्हाताऱ्या ताऱ्यांकडून वर्षाला तीन सूर्य येतात आणि तारकानिर्मितीत वीस खर्च होतात. हा साठा केवळ ताऱ्यांच्या टाकलेल्या थरांवर उभा राहूच शकत नाही. ४ हजार कोटींचा वायू हवा असेल, तर तो बहुतांशी भोवतालच्या तप्त वायूतूनच निवून यायला हवा.

थोडक्यात वायू बाहेरचा आणि धूळ घरची, आणि दोन्ही केंद्राजवळ मिसळतात. तिथून कृष्णविवराने फुगवलेल्या पोकळ्या वर चढताना आपल्या मागे हे मिश्रण ओढून नेतात. वायव्येकडच्या बाहेरच्या पोकळीमागे घोड्याच्या नालेच्या आकाराचा एक तंतू आहे. त्याची वळणं आणि त्यातले वेग, वर जाणाऱ्या बुडबुड्यामागे द्रव जसा ओढला जातो त्याच्याशी जुळतात. एकदा बीज म्हणून थोडी धूळ पोचली की तंतूतल्या दाट थंडीत वायूतले अणू तिच्यावर बसून कण वाढूही शकतात.

हे खरं असेल तर धुळीचं वायूशी प्रमाण नेहमीपेक्षा कमी निघायला हवं. आकाशगंगेत ते साधारण शंभरास एक असतं. इथे एक कोटीला ४ हजार कोटींनी भागलं तर चार हजारास एक येतं; रेणुवायूचा आकडा एक चतुर्थांशावर आणला तरी हजारास एक. हा भागाकार मी पुरावा म्हणून पुढे करणार नाही. दोन्ही मोजण्या वेगवेगळ्या उपकरणांच्या आणि वेगवेगळ्या क्षेत्रांच्या आहेत. कार्बन मोनॉक्साइडवरून एकूण वायू काढण्याचं सूत्र आकाशगंगेवरून उसनं घेतलेलं आहे. शिवाय ३८ केल्विनहून थंड धूळ जिथे चमकेल तिथे कृष्णविवराच्या झोतांचा प्रकाश तिला झाकोळतो. पण कल दिसतो तो अपेक्षित बाजूलाच.

लंबवर्तुळी दीर्घिकांतल्या धुळीवर आपल्याकडेही काम झालं आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या संशोधकांचा सहभाग असलेल्या २००७ च्या एका अभ्यासात, अशा दीर्घिकांतली धूळ वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश किती शोषते ते मोजलं गेलं. ते वक्र आकाशगंगेतल्या वक्रांना समांतर निघाले. म्हणजे तिथल्या धुळीचा स्वभाव साधारण आपल्याकडच्यासारखाच.

धूळच पडदा असेल तर

आता त्या बाजूला ठेवलेल्या शक्यतेकडे. २००१ मध्ये मधल्या तापमानाचा वायू दिसला नाही, तेव्हा तो नाहीच असं बहुतेकांनी मानलं. फेबियन आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये वेगळा प्रश्न विचारला: निवणारा वायू आणि आधीच निवलेला थंड, धूळभरला वायू एकमेकांत गुंतलेले असतील तर? मग मंद, म्हणजे कमी ऊर्जेचे, क्ष-किरण बाहेर येण्याआधीच शोषले जातील आणि ती ऊर्जा दूरच्या अवरक्तात निघेल. ययाती, सेंटॉरस आणि एबेल १८३५ या तीन समूहांवर हे प्रारूप लावल्यावर वर्षाला १० ते ५०० सूर्य एवढं लपलेलं निवणं त्यात मावलं. समूह जितका भारी, तितका दर जास्त.

मला हे आकर्षक वाटतं आणि थोडं धोक्याचंही. ऐंशीच्या दशकातल्या न दिसणाऱ्या ताऱ्यांचीच ही पुढची आवृत्ती आहे, अशी शंका कोणीही घेईल. फरक एवढाच की या वेळी लपवणारी वस्तू, म्हणजे थंड धूळभरला वायू, तिथे असल्याचं आधीच सिद्ध आहे, आणि शोषलेली ऊर्जा अवरक्तात मोजता येते. तरी निवलेला वायू शेवटी जातो कुठे, हा जुना प्रश्न पुन्हा उभा राहतोच. वीस सूर्यांचे तारे होतात, बाकीच्यांचं काय?

तपासायला मंद क्ष-किरणांचा उत्तम वर्णपट हवा. सप्टेंबर २०२३ मध्ये सोडलेल्या क्रिझम या जपानी उपग्रहावर असं उपकरण आहे, पण त्याच्या तोंडावरचं झाकण अवकाशात उघडलंच नाही. त्यामुळे १.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टहून कमी ऊर्जेचे, म्हणजे नेमके इथे हवे ते, क्ष-किरण त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. दुसरा मार्ग धूळ ज्याला अडवू शकत नाही अशा प्रकाशाचा आहे. फिनिक्स नावाच्या, याहून कितीतरी दूरच्या समूहात वर्षाला ५०० ते ८०० सूर्यांच्या वेगाने तारे जन्मतात. तिथे वेब दुर्बिणीने पाच इलेक्ट्रॉन गमावलेल्या निऑनची अवरक्त रेषा पकडली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या नकाशात सुमारे तीन लाख केल्विनचा, निवण्याच्या मधल्या टप्प्यावरचा वायू प्रथमच थेट दिसला. त्यावरून निवण्याचा सध्याचा दर वर्षाला ५,००० ते २३,००० सूर्यांच्या दरम्यान निघतो. एनजीसी १२७५ फिनिक्सपेक्षा खूप जवळ असल्याने तिथे हीच रेषा तंतूगणिक वेगळी करून पाहता यायला हवी. अडचण केंद्राच्या झगमगाटाची आहे: कृष्णविवराच्या प्रकाशानेही निऑनचे पाच इलेक्ट्रॉन उडतात. त्यामुळे मोजणी बाहेरच्या तंतूंत करावी लागेल, आधी तारे असलेल्या आणि मग शेजारच्याच, तारे नसलेल्या.